लाईट गेली तर?

धान भरडले की त्याच्या वजनाचा जवळजवळ पाचवा हिस्सा भुसा म्हणून उरतो. अर्जुनी मोरगावसारख्या तालुक्यात, जिथे इटियाडोहच्या पाण्यावर उन्हाळी धानही पिकते, हा भुसा म्हणजे दाराशी पडलेले इंधन आहे. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत तो बॉयलरखाली जळतो. त्याच्यापासून वायू काढून इंजिन चालवणारे गॅसिफायरही गेल्या काही वर्षांत देशात ठिकठिकाणी बसले आहेत. हे सारे इथे वाढावे, अशीच आमची इच्छा आहे. मात्र असा संच बसवताना पहिला प्रश्न किती युनिट आणि किती अनुदान हा नसावा. लाईट गेली तर काय होईल, हा असावा.

लाईट जाते तेव्हा पाण्याचा पंप थांबतो, धूर ओढणारा पंखा थांबतो. आग थांबत नाही. जाळीवरचा भुसा धगधगत राहतो, वाफ होत राहते आणि गेज ग्लासमधले पाणी उतरू लागते. नळ्या उघड्या पडून तापल्या आणि घाबरलेल्या माणसाने नेमके तेव्हाच गार पाणी आत सोडले, तर पत्रा फाटू शकतो. दहा किलो दाबाच्या बॉयलरमधले पाणी 180 अंशांच्या वर तापलेले असते. भांडे फाटताच त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते, आणि ती मूळ पाण्याच्या सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. गिरणीची भिंत ते सोसत नाही.

हाच प्रश्न अणुभट्टीवाल्यांनाही पडला होता, आणि एप्रिल 1986 मध्ये त्याची परीक्षा दोन ठिकाणी झाली. 3 एप्रिलला अमेरिकेतल्या आयडाहोमध्ये ईबीआर-2 या प्रायोगिक भट्टीत शास्त्रज्ञांनी भट्टी पूर्ण शक्तीवर असताना शीतकाचे पंप मुद्दाम बंद केले. आपोआप भट्टी बंद करणारी यंत्रणाही रोखून ठेवली होती. तापमान चढले, गाभ्यातली धातूची रचना उष्णतेने प्रसरण पावली, त्यामुळे अणुविक्रिया मंदावली आणि भट्टी आपली आपण शांत झाली. कुणी काहीही केले नव्हते. त्यानंतर 23 दिवसांनी, 26 एप्रिलला, चेर्नोबिलमध्ये चौथ्या भट्टीवर चाचणी चालू होती. वीज गेल्यावर डिझेल जनरेटर चालू होईपर्यंत फिरत्या टर्बाइनच्या उरल्यासुरल्या गतीवर पंप चालतील का, हे तिथे पाहायचे होते. त्या भट्टीत पाण्याची वाफ झाली की अणुविक्रिया आणखी भडकत असे. चाचणीसाठी आपत्कालीन शीतकरण तोडून ठेवले होते. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. दोन्हीकडे शिकलेली, जाणती माणसे होती. फरक भट्टीच्या रचनेत होता. आणि चेर्नोबिलच्या माणसांना त्या रचनेतला दोष पुरता सांगितलेलाही नव्हता. 2011 मध्ये फुकुशिमात भट्ट्या भूकंप होताच बंद पडल्या होत्या. पण त्सुनामीत जनरेटर बुडाले आणि उरलेली उष्णता काढून न्यायला पंप राहिले नाहीत. भुशाच्या आगीचीही तऱ्हा तीच.

आपल्याकडे हे शहाणपण नवे नाही. नवेगावबांधसारखे कोहळी समाजाने बांधलेले तलाव पाहा: पाणी पाळीच्या माथ्याला पोहोचण्याआधीच सांडव्यावरून निघून जाते, त्यासाठी मध्यरात्री कुणाला उठवावे लागत नाही. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नेमके हेच करतो. फ्युजिबल प्लग तर त्याहून साधा. पाणी उतरले की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफ थेट आगीवर पडते. अर्जुनीवरून एके काळी धावणाऱ्या नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनांना पाणी भरायला विजेचा पंप नव्हता. 1858 मध्ये फ्रान्सच्या जिफार्ने काढलेला इंजेक्टर बॉयलरच्याच वाफेने बॉयलरमध्ये पाणी ढकलत असे. विजेच्या पंपाजवळ असा एक इंजेक्टर आजही बसवता येतो. आणि मुळात धान वाफवायला फार दाब लागतच नाही. गरजेपेक्षा अधिक दाबाचा बॉयलर स्वस्तात मिळाला म्हणून घेणे, हा आम्हाला सर्वांत वाईट सौदा वाटतो.

गॅसिफायरचा धोका वेगळा आहे. त्याच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो. त्याला ना रंग, ना वास. ब्लोअर थांबला की तो फटींतून खोलीत पसरतो, आणि लाईट आल्यावर आत हवा शिरलेली असताना पुन्हा पेटवले की भडका उडतो. यावरचे उपायही वीज न लागणारेच हवेत: लाईट गेली की स्वतःच्या वजनाने उघडणारी चिमणीची झडप, दाब वाढताच उचलले जाणारे पाण्यात टेकवलेले झाकण, आणि चारही बाजूंनी उघडी शेड. खोली बांधून त्यात गॅसिफायर बसवणाऱ्याला अनुदानच मिळू नये.

कायद्याने इथवर पोहोचायला हवे. 1863 मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली, तेव्हा 1864 मध्ये बंगालमध्ये पहिला कायदा झाला. मग 1923 चा केंद्रीय कायदा आणि आता त्याच्या जागी 2025 चा. पण 25 लिटरपेक्षा लहान भांडे त्यात येत नाही, आणि वाफ न करणारा गॅसिफायर तर बॉयलरच्या व्याख्येतच बसत नाही. त्यामुळे नवे, प्रयोगाचे, गावात जुळवलेले जे काही असते, नेमके तेच तपासणीबाहेर राहते. ‘याला परवाना लागत नाही’ हे विकणारा गुण म्हणून सांगतो. घेणाऱ्याने तिथेच थांबून विचारावे, मग याची हमी कोण देते?

परवानाधारक बॉयलर अटेंडंट हवाच, त्याला पुरती झोप आणि पुरता पगारही हवा. पण सारी सुरक्षा त्याच्या जागरणावर टांगून ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. अपघात झाला की पहिला गुन्हा त्याच्यावर, आणि बहुधा पहिला मृत्यूही त्याचाच.

आमची मागणी साधी आहे. खरिपाचा धान गिरणीत यायच्या आधी, दिवसाउजेडी, निरीक्षक, मालक आणि पाळीवरचे कामगार यांच्यासमोर जाणत्या अभियंत्याने प्रत्येक बॉयलरचा आणि गॅसिफायरचा मेन स्विच पाडावा. सुरुवात मंद आगीवर करावी, पाणी ठरल्या खुणेशी आले की चाचणी तिथेच थांबवावी. लाईट गेल्यापासून त्या खुणेपर्यंत किती मिनिटे गेली, हा आकडा प्रमाणपत्रावर लिहावा आणि तोच मोठ्या अक्षरांत गिरणीच्या दारावर रंगवावा.