छडीचे गोडवे

परवा आमच्या एस.एस.सी.च्या वर्गाचं स्नेहसंमेलन झालं. १९६७ ची बॅच, तेव्हा एस.एस.सी. अकरावीला असायची. जेवणं झाली आणि नेहमीचा विषय निघाला. "मास्तरांनी फोडून काढलं म्हणून आपण घडलो! आताच्या पोरांना हात लावायची सोय नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, म्हणून आता लिहितोय.

मंडळी, हे बोलतंय कोण? जे टिकले ते! आठवीत आमच्या वर्गात एक मुलगा होता. पहाटे म्हशींच्या धारा काढून, दुधाचे रतीब घालून शाळेत यायचा. रोज प्रार्थना चुकायची, रोज हातावर निरगुडीचा फोक बसायचा. उशीर का होतो, हे कुणी विचारलं नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो आलाच नाही. संमेलनाच्या यादीत त्याचं नाव कुठून असणार?

आम्ही घडलो ते कंदिलापाशी आई जागत बसायची म्हणून, आणि त्याच मास्तरांनी सुट्टीत फुकट गणित शिकवलं म्हणून. श्रेय मात्र छडीला!

पुढे मीही मास्तर झालो आणि मीही मारलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना बंदी घातली, तोवर मी निवृत्त झालो होतो. कायदा उशिरा आला, पण मला अक्कल आधी यायला काय हरकत होती?

शिस्त हवीच. पण "का रे उशीर झाला?" एवढं विचारायला छडी लागत नाही. माझ्या हातचा मार खाऊन कोण कोण शाळेबाहेर गेलं, मला माहीत नाही. तेच टोचतं.