शिवराईची किंमत बारा रुपये?

सांस्कृतिक कार्य विभाग, महाराष्ट्र शासन, यांस,

उजनीचे पाणी ओसरले की पळसदेवच्या पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, भिगवणपासून इंदापूरपर्यंत बुडीत गावांच्या जागा मोकळ्या होतात, आणि तिथल्या शेतात फाळाला लागणाऱ्या नाण्याचे भवितव्य आजही 1878 चा भारतीय निखात निधी अधिनियम, म्हणजे जमिनीत दडलेल्या धनाविषयीचा ब्रिटिशकालीन कायदा, ठरवतो.

दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, अन्यथा एक वर्षापर्यंत कैद, असे हा कायदा सांगतो. मात्र बेवारस ठरलेली वस्तू शासनाने ठेवायची ठरवली, तर सोळाव्या कलमानुसार मोबदला मिळतो तो केवळ धातूची किंमत आणि तिचा एक पंचमांश. शिवराई, म्हणजे 1674 च्या राज्याभिषेकापासूनचे तांब्याचे नाणे, सुमारे 11 ग्रॅमची असते. तांब्याचा दर किलोला 900 रुपये धरला तर धातूचे दहा रुपये आणि वर दोन, असे एकूण बारा रुपये होतात, आणि त्यातही शेतमालकाचा वाटा असतो. भिगवणहून पुण्याला जाण्याचे भाडेही त्यातून सुटत नाही. छत्रपतींच्या नाण्याला मोडीचा भाव देणारे शासन शेतकऱ्याकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करते?

परिणाम समोर आहेत. मार्च 2022 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिसांनी चिखलीत सापडलेली 216 सोन्याची नाणी मजुरांनी दडवल्यानंतर जप्त केली. मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळच्या असीरगडच्या शेतांत लोकांनी रात्री विजेऱ्या आणि धातुशोधक यंत्रे, म्हणजे मेटल डिटेक्टर, घेऊन जमीन उकरली. अशा उकराउकरीत नष्ट होतो तो संदर्भ, म्हणजे वस्तू कोणत्या थरात आणि कशासोबत होती याची माहिती. दायमाबादची 1974 मधील कांस्यशिल्पे उत्खननाबाहेर, झाडाच्या मुळाशी खणताना मिळाली, म्हणून त्यांच्या काळाचा वाद अजून मिटलेला नाही.

इंग्लंडने 1996 च्या कायद्याने बाजारभावाइतके बक्षीस, बहुधा शोधक आणि जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे, देण्याची सोय केली आणि 1997 पासून हौशी शोधकांच्या वस्तू नोंदवायला सुरुवात केली. ती नोंद आता पंधरा लाखांच्या पुढे गेली आहे. संरक्षित स्थळांवर तिथेही यंत्र चालवता येत नाही, आणि येथेही ती बंदी कडकच हवी.

दिल्लीकडे बोट दाखवण्याची सबब येथे चालणार नाही, कारण निखात निधी हा विषय संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीच्या 44 व्या नोंदीत आहे आणि केरळने 1968 मध्येच स्वतःचा कायदा केला. विभागाने बाजारभावाचा मोबदला, तालुक्याच्या ठिकाणी नोंदणी आणि हौशी शोधकांना परवाना देणारे विधेयक येत्या अधिवेशनात मांडावे.