रिपोर्ट चांगला, तरी छाती दुखते

महाडच्या खाडीपट्ट्यातल्या तुडीलसारख्या गावात रात्रीच्या जेवणानंतर कुणाच्या छातीत दुखू लागले, की पहिला निकाल घरातच लागतो: गॅस धरलाय. मग ओवा चावायला मिळतो, पोटाला हिंग लागतो, कुणी सोडा पाजतो. बहुतेक वेळा सकाळपर्यंत दुखणे ओसरते आणि निकाल खरा ठरतो. घात होतो तो याच सवयीने. हृदयाच्या खालच्या भागाला रक्त कमी पडले, तर कळ पोटाच्या वरच्या बाजूला येते आणि सोबत मळमळही असते. मधुमेही, वयस्क माणसे आणि बायका यांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, घाम फुटतो, अंग गळून जाते.

सोड्याने ढेकर आली, बरे वाटले, म्हणजे गॅसच होता असे सिद्ध होत नाही. उलटेही तितकेच खरे. जिभेखाली ठेवायच्या सॉर्बिट्रेटसारख्या गोळीने आराम पडला म्हणजे दुखणे हृदयाचेच, असेही नाही, कारण ती गोळी अन्ननलिकेचा आवळलेला स्नायूही सैल करते. अन्ननलिका आणि हृदय यांच्या वेदना मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच भागांतून मेंदूकडे जातात. डॉक्टरलाही नुसत्या वर्णनावरून फसायला होते, तिथे घरच्यांना दोष कसा द्यायचा? म्हणून नव्याने उठलेल्या छातीदुखीत आधी ईसीजी, मग बाकीची चर्चा. अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २०२१ मध्ये काढलेल्या मार्गदर्शिकेत तर रुग्ण दारात आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हावा असे म्हटले आहे. पहिला ईसीजी चांगला आला तरी शंका असेल तर तो पुन्हा काढावा लागतो आणि काही तासांच्या अंतराने रक्तातले ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारे प्रथिन) तपासावे लागते. गाव लांब आहे, रात्र आहे, तर १०८ ला फोन करावा; रुग्णाला मोटरसायकलवर मध्ये बसवून नेऊ नये.

हे सारे झाले, हृदय ठीक निघाले, आणि इथून पुढे आपली व्यवस्था रुग्णाचा हात सोडते. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काही नाही, घरी जा.’ माणूस घरी येतो, आठ दिवसांनी पुन्हा तीच कळ. आता त्याला वाटते की मशीनला सापडले नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, मग मुंबईतल्या भावाकडे, मग आणखी मोठ्या तपासणीकडे. त्यात पैसा जातो, रोजगार बुडतो आणि भीती वाढत राहते. ‘काही नाही’ हे निदान नव्हे. छाती दुखते आहे म्हणजे काहीतरी आहे, आणि ते शोधून सांगणे हे डॉक्टरचे काम तिथे अर्धेच झालेले असते.

सर्वांत जास्त वेळा ते काहीतरी म्हणजे अन्ननलिकेत वर येणारे आम्ल. जेवून लगेच आडवे झाल्यावर, वाकल्यावर जळजळ छातीच्या मध्यभागी चढते, तोंडाला आंबट पाणी येते. तंबाखू, मिश्री, दारू आणि पोटाचा घेर यांनी ते वाढते. रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, पलंगाचे उशाकडचे पाय विटांवर चढवून १५ ते २० सेंटिमीटर उंच, डाव्या कुशीवर झोप, आणि डॉक्टरने दिली असेल तर पँटोप्राझोलसारखी गोळी सकाळी खाण्याआधी अर्धा तास, ठरवून दिलेले आठवडे. हीच गोळी लोक दुखेल तेव्हा, जेवणानंतर घेतात आणि गुण आला नाही म्हणून सोडून देतात.

कोकणात याला आणखी एक पदर आहे. पुरानंतर लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या घ्यायलाच हव्यात. पण गोळी घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच झोपले, तर ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करते. छातीत इतके दुखते की गिळताना डोळ्यांत पाणी येते. पेलाभर पाणी आणि नंतर अर्धा तास बसून राहणे, एवढ्याने हे टळते. गोळी वाटणाऱ्याने हे एक वाक्य सांगितलेच पाहिजे. गुडघे-कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांनीही पोटात व्रण होतात, आणि तेही दुखणे पुष्कळदा छातीत असल्यासारखे वाटते.

लावणीच्या दिवसांत, ओझी उचलल्यावर किंवा आठवडाभर खोकल्यावर बरगड्या जिथे छातीच्या हाडाला जोडलेल्या असतात ती कूर्चा सुजते. बोटाने दाबले की नेमकी तीच कळ उठते. काही आठवडे ओझ्याला सुट्टी, शेक आणि साधे पॅरासिटामॉल यांनी बहुतेकांना बरे वाटते. मात्र दाबून दुखते म्हणून हृदय नक्कीच नाही, असे एकट्या या खुणेवर कुणी ठरवू नये. एका बाजूला पट्ट्यात आग होत असेल, तर दोन-तीन दिवसांनी तिथे पुरळ उठू शकते: नागीण. तिचे तोंड जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. विषाणूरोधक औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू करणे हे खरे महत्त्वाचे. श्वास घेताना टोचत असेल, ताप किंवा दम असेल, तर फुप्फुस पाहावे लागते. तिथे न्यूमोनिया, क्षयाचे पाणी, रक्ताची गुठळी यांपैकी काहीही असू शकते. हृदयाचे नाही म्हणजे किरकोळ, हे समीकरणच चुकीचे आहे.

आणि भीती. जेकब दा कोस्टा या अमेरिकन डॉक्टरने १८७१ मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांची नोंद प्रसिद्ध केली. धडधड, छातीत दुखणे, दम, पण हृदयात दोष सापडेना. महाड-पोलादपूरला हे परके वाटू नये. जुलै २०२१ मध्ये तळिये गावावर दरड कोसळली, त्याच दिवसांत महाड शहर पाण्याखाली गेले. अशा अनुभवातून गेलेल्या माणसाची छाती मुसळधार पावसाच्या रात्री आवळली, हाताला मुंग्या आल्या, तर ते ढोंग नसते. घाबरण्याचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला जातो आणि मग उतरतो. समुपदेशनाने, गरज पडल्यास औषधाने तो आटोक्यात येतो. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानस या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. ‘मनाचे खेळ’ म्हणून बोळवण केली, की तो माणूस पुन्हा कुणाला सांगत नाही.

छाती समजून घ्यायला महागडे यंत्रच लागते असे नाही, हे याच महाड तालुक्याने जगाला दाखवले आहे. १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा विंचू चावलेली माणसे दगावत होती. ते रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, श्वास टिपत राहिले. विषाने हृदय थकते, फुप्फुसात पाणी भरते हे त्यांनी ओळखले, प्राझोसिन हे औषध वापरले, आणि ४० टक्क्यांच्या घरातले मृत्यू १ टक्क्याच्या आसपास आणल्याची नोंद केली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचे काम छापले, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. त्याच बावस्करांनी २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल आलेल्या १,२०० रुपयांच्या धनादेशाविषयी वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. छातीदुखीच्या घाबरलेल्या रुग्णाला किती तपासण्या सुचवल्या जातात आणि त्यांतल्या किती त्याच्यासाठी असतात, हा प्रश्न त्या धनादेशाने उघड केला.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात रात्रीही ईसीजी निघावा आणि तो वाचणारा डॉक्टर निदान फोनवर तरी असावा. आणि हृदय ठीक आहे असे सांगून घरी पाठवताना केसपेपरवर मराठीत चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: दुखण्याचे संभाव्य कारण, त्यावरचे औषध आणि ते किती दिवस, पुन्हा दाखवायची तारीख, आणि घाम, दम, चक्कर, किंवा हातात-जबड्यात सरकणारी कळ आली तर तारखेची वाट न पाहता लगेच यायचे, हा इशारा.