सुचणं ही अमानत आहे

मी शाळेत उर्दू आणि मराठी अशा दोन्ही भाषा शिकवते. शायरीबद्दल बोलताना उर्दूत दोन शब्द नेहमी येतात, 'आमद' आणि 'आवर्द'. आपसूक आलेला शेर म्हणजे आमद, ओढूनताणून आणलेला म्हणजे आवर्द. मराठीत आपण म्हणतो, 'मला कविता सुचली.' व्याकरणाच्या तासाला मुलांना विचारा, या वाक्यात कर्ता कोण? कर्ता कविता आहे. ज्याला ती सुचली तो बिचारा 'मला' होऊन बाजूला उभा आहे. दोन्ही भाषांनी एकच गोष्ट ओळखलेली आहे: नवनिर्मितीत आपण घडवणारे असतो, तसे घेणारेही असतो.

मला वाटतं, सुचतं ते आपल्या मालकीचं नसतं. ती अमानत असते. अमानत म्हणजे कुणीतरी भरवशाने आपल्याकडे सोपवलेली वस्तू. ती जपायची आणि ज्याची त्याला पोहोचवायची. कलेतली रूहानियत किंवा अध्यात्म याहून वेगळं काही असेल असं मला वाटत नाही.

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर हे डोळ्यांनी बघता येतं. वारली घरात लग्न निघालं की शेणाने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिला जातो. हो, तिथे चित्र 'लिहितात'. हे काम परंपरेने सुवासिनींचं. चौकात पालघट देवी येते, धवलेरी लग्नाची गाणी गाते, आणि चौक पुरा झाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. खाली कुणाची सही नसते. पुढे भिंत पुन्हा सारवली जाते आणि चित्र जातं. त्याचं काम झालेलं असतं.

आपल्या घरांत याच्या सगळ्यात जवळची गोष्ट कोणती? मेंदी. नवरीच्या हातावर रात्र जागून काढलेली मेंदी पंधरा दिवसांत उतरते. काढणारीचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. तरी ती जीव ओतून काढते, कारण समोर एक मुलगी सासरी निघालेली असते. कुणासाठी करतोय हे ठाऊक असलं की हात आपोआप नीट चालतो. आपण याला 'नियत' म्हणतो.

पण 'आपसूक येतं' याचा अर्थ बसल्या जागी येतं असा नाही. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं उदाहरण घ्या. लहानपणी आई गेली आणि त्यांचं बोलणंच थांबलं, मातीत रेघा ओढून ते मनातलं सांगू लागले, असं त्यांच्याविषयी सांगितलं जातं. बायकांच्या हातची ही कला त्यांनी लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. त्यांचं मासे पकडण्याच्या जाळ्याचं चित्र बघा. बारीक रेघेशेजारी बारीक रेघ, अशा असंख्य रेघांनी अख्खं जाळं विणलेलं आहे. कल्पना क्षणात आली असेल, जाळं मात्र रेघेरेघेनेच भरावं लागलं.

खत्ताती शिकणाऱ्यालाही हेच करावं लागतं. नुक्त्याच्या मापाने एकच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवायचं, त्याला 'मश्क' म्हणतात. खुद्द गालिबविषयी हालींनी 'यादगार-ए-गालिब'मध्ये नोंदवलं आहे की रात्री शेर जमला की ते कमरबंदाला एक गाठ मारत आणि सकाळी एकेक गाठ सोडत शेर आठवून लिहून घेत. आमद रात्री व्हायची, पण गाठ बांधायला माणूस जागा हवा. अमानत जपणं म्हणजे हेच.

इथे आपल्यातले काही जण विचारतील, 'चौक देवीचा आहे, चित्रं माणसांची, प्राण्यांची आहेत. त्यातून मुसलमानाने काय घ्यायचं?' सजीवांच्या चित्रांबद्दल आलिमांमध्ये मतभेद आहेत, त्यात फतवा देण्याचा माझा अधिकार नाही. पण शेजाऱ्याची श्रद्धा उचलून आणावी असं मी म्हणतच नाही. त्याचा अदब बघावा, इतकंच. आपल्याकडे पहिली वही उतरली तीच 'वाच' असं सांगत, आणि तिच्यात कलमाचा उल्लेख आहे. ज्यांच्या दीनची सुरुवात अशी, त्यांच्या घरात मुलीने कविता लिहिली, मुलाने अक्षर घोटलं, तर 'वेळ वाया घालवतोय' असं म्हणणं शोभत नाही.

दुसरा प्रश्न मला जास्त टोचतो. कलाकार सही करत नाही, स्वतःला मालक समजत नाही, हे फार सुंदर. पण म्हणून दुसऱ्याने मालक व्हावं का? वारली आकृत्या आज कपांवर, कुर्त्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर सर्रास दिसतात. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी विकत घेताना 'हे कुणाच्या हातचं?' असं विचारणारे किती? नम्रता हा कलाकाराचा दागिना आहे. तो आपण हिसकावून घ्यायचा नसतो. अमानतीचा नियम घेणाऱ्यालाही लागू आहे: नाव घ्या, मोबदला द्या. ज्या बाईने चौक लिहिला तिच्या कलेचं कौतुक करायचं आणि पैसे मोजताना घासाघीस करायची, ही खयानत आहे.

वर्गात मुलं तक्रार करतात, 'मॅडम, काही सुचत नाही.' मग गाईडमधला निबंध उतरवतात, हल्ली मोबाइलवरून. दोष त्यांचा नाही. लिहिलेलं फक्त तपासलं जाणार, कुणी वाचणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पोहोचवायला पत्ताच नसेल तर अमानत येईल कशी? आजीला पत्र लिहा, असं सांगितलं की तीच मुलं दोन पानं भरतात.

म्हणून पालकांना एकच विनंती. मुलाने चार ओळी लिहून आणल्या तर किती मार्क मिळाले हे नंतर विचारा. आधी विचारा, 'कुणासाठी लिहिलंस?' आणि त्या ओळी पूर्ण ऐकून घ्या.