दान अक्षय्य कशाने होते?

वैशाख शुद्ध तृतीया हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या तिथीस केलेले दान, जप, होम अक्षय्य होतात, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा आहे. म्हणून आजही कित्येक घरांतून पितरांच्या उद्देशाने उदककुंभ दिला जातो. त्यासोबत आंबा, वाळ्याचा पंखा, छत्री, पादत्राणे दिली जातात. यांतील प्रत्येक वस्तू वैशाखाच्या उन्हात पोळलेल्या वाटसरूस हवीशी वाटणारी आहे. घेणाऱ्याची गरज आधी पाहिली आणि मग द्यावयाची वस्तू ठरविली, एवढे शहाणपण या साध्या रूढीत आहे.

गेल्या काही दशकांत मात्र या तिथीची ओळख सुवर्णखरेदीचा दिवस अशी होऊ लागली आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये दहा ग्रॅम सोन्याचा भाव प्रथमच लाख रुपयांना भिडला, तरी मुहूर्ताचे गुंजभर सोने घरात यावे ही ओढ सुटलेली नाही. संचयाची आम्ही निंदा करीत नाही. लेकीसुनांसाठी आणि अडीअडचणीसाठी चार पैसे राखणे हा गृहस्थाचा धर्मच आहे. आमचे म्हणणे इतकेच की, तिजोरीत ठेवलेले ते अक्षय्य, असे शास्त्र कोठेही सांगत नाही.

मग दिलेले सारेच अक्षय्य होते काय? तसेही नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस व तामस असे तीन भेद सांगितले आहेत. परतफेडीच्या वा फळाच्या आशेने, मनाला क्लेश करून घेत दिलेले दान राजस. अस्थानी, अवेळी, अपात्री, तुच्छतेने दिलेले तामस. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’ सिद्ध केला, त्यात दानासाठी एक संपूर्ण खंड राखून ठेवला. देण्यापूर्वी इतका विचार करावयाचा असतो, ही आपली परंपरा! तैत्तिरीय उपनिषदातील दानाच्या उपदेशात श्रद्धा, लज्जा, भय यांच्यानंतर ‘संविद्’ हा शब्द येतो. भाष्यकारांनी त्याचा मैत्री असा भाव घेतला; जाण, समज असाही त्याचा अर्थ आहे. मैत्रीने द्यावे आणि जाणून द्यावे, हे दोन्ही अर्थ आम्हांस मोलाचे वाटतात.

आज ही जाण काही अंशी कायद्याने आपल्या हाती घेतली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयाची असते. २०१४ पासून हा नियम अमलात आहे. २०१७ पासून दोन हजार रुपयांवरील रोख देणगीस आयकरातील वजावट मिळत नाही. काही भाविकांना ही गुप्तदानावरील गदा वाटते. आमच्या मते हा शब्दाचा गैरसमज होय. गुप्तदानात दात्याचे नाव झाकावयाचे असते, पैशाचा हिशेब नव्हे. ज्या दानाचा माग लागत नाही, ते वाटेत कोठे मुरले हे पुण्य इच्छिणाऱ्यासही कळत नाही.

या दृष्टीने अहिल्याबाई होळकरांचे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवण्याजोगे आहे. १७२५ साली चौंडी येथे जन्मलेल्या या साध्वीची त्रिशताब्दी २०२५ मध्ये साजरी झाली. काशीविश्वेश्वराचे मंदिर, गयेचे विष्णुपद, सोमनाथ, ठिकठिकाणचे घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे ही त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. या धर्मकार्याचा मुख्य आधार होता ‘खासगी’. राज्याचा खजिना वेगळा आणि होळकरांच्या राण्यांचे खासगी उत्पन्न वेगळे. रयतेच्या करातून पुण्य विकत घ्यावयाचे नाही, स्वतःच्या वाट्याचे द्यावयाचे, हा विवेक त्यांनी राखला. शिवाय केवळ दगड उभे करून त्या थांबल्या नाहीत. पूजा, अन्न, पाणी पुढेही चालावे म्हणून नेमणुका लावून दिल्या.

त्या १७९५ साली निवर्तल्या. स्वातंत्र्यानंतर संस्थान विलीन झाले आणि १९६२ मध्ये या खासगीच्या धर्मादायासाठी न्यास स्थापन झाला. पुढे काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उपस्थित झाला. त्यांत हरिद्वारचा कुशावर्त घाटही होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. जुलै २०२२ च्या निर्णयात न्यायालयाने या न्यासास मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली नोंदणी करावयास सांगितले आणि मालमत्तांच्या हस्तांतरणाची चौकशी न्यास-निबंधकांकडे सोपविली. कोणाचे काय चुकले, याचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. परंतु ज्या दानास दोन शतके लोटली, त्याची राखण कोर्टात करावी लागते, ही गोष्ट प्रत्येक दात्याने मनावर घ्यावी अशी आहे. दान देणाऱ्याच्या हातून सुटते, समाजाच्या हातून ते सुटता कामा नये!

आपल्या राज्यातील धर्मादाय रुग्णालयांचीच गोष्ट घ्या. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. पण ज्याला या खाटेची गरज, त्यालाच ती आहे हे ठाऊक नसेल, तर ते दान कागदावर अक्षय्य आणि रुग्णाच्या दारी शून्य! अशा वेळी त्याला योजना समजावणे, अर्ज भरून देणे, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयापर्यंत सोबत जाणे, हेही दानच होय. त्याला एक पैसा लागत नाही.

आमच्या कीर्तनपरंपरेतील गाडगे महाराजांनी लोकांकडून आलेल्या पैशातून धर्मशाळा उभारल्या आणि अंगावर ठेवली ती गोधडीच. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. योग्य हाती सोपविणे हा दानाचा उत्तरार्ध आहे, आणि तो पूर्वार्धाहून कठीण आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा उदककुंभ देताना घरातील मुलाबाळांना जवळ बसवावे. मिळकतीतील कोणता भाग आपला नव्हे, हे वर्षारंभीच ठरवावे. ज्या संस्थेस द्यावयाचे, तिचा हिशेब मागण्यात संकोच बाळगू नये. हिशेब मागणे हा अविश्वास नव्हे, तो दानाचाच एक संस्कार आहे. नव्या मंडपावर नाव कोरण्यापूर्वी आजोबांनी बांधलेल्या पाणपोईत आज पाणी आहे काय, हे एकदा जाऊन पाहावे. जीर्णोद्धाराचे पुण्य आपल्या शास्त्रकारांनी नव्या बांधणीहून कमी मानलेले नाही.

तहानलेल्याची ओंजळ भरत राहावी. तोवर ते दान अक्षय्य आहे.