जांभई दिली आणि तोंड मिटेना



या सदरात आपण पिकांविषयी आणि जनावरांविषयी बोलतो. आज घरच्या माणसाच्या एका दुखण्याविषयी सांगतो. ते क्वचित होते, पण झाले की सारे घर घाबरून जाते.

सोयाबीनच्या राशी सुरू झाल्या की रात्रीची जागरणे होतात. पहाटे खळ्यावर एखादा मोठी जांभई देतो आणि तोंड उघडे ते उघडेच राहते. बोलता येत नाही, लाळ गळते, कानापुढे दुखते आणि तिथे खळगा दिसतो. ही भूतबाधा नव्हे. जबडा निखळला आहे.

हे कसे होते ते पाहा. खालच्या जबड्याची दोन टोके दोन्ही कानांपुढच्या खोबणीत बसलेली असतात. खोबणीपुढे हाडाचा लहानसा उंचवटा आहे. गाडीचे चाक दगडावर चढून पलीकडे उतरावे, तशी ही टोके उंचवटा ओलांडून पुढे जातात. मग चावण्याचे स्नायू आखडतात, आणि ताणलेल्या दाव्यासारखे जबड्याला तिथेच धरून ठेवतात. एकाच बाजूचे टोक निसटले, तर हनुवटी दुसऱ्या बाजूला सरकलेली दिसते.

जांभई, मोठा घास, दाढ काढताना फार वेळ तोंड उघडे ठेवणे, फिट येणे, मार लागणे, ही याची कारणे. उलटीवरच्या आणि मनाच्या आजारावरच्या काही औषधांनीही जबडा आखडतो. म्हणून गोळ्या चालू असतील तर त्यांची पाकिटे डॉक्टरांकडे बरोबर न्या.

अशा वेळी चार गोष्टी करू नका. गालावर चापट मारू नका. हनुवटी जोराने वर ढकलू नका, हाड मोडू शकते. तोंडात बोटे घालू नका, जबडा एकदम मिटला तर बोट चावले जाते. पाणी किंवा चहा पाजू नका, ठसका लागून ते श्वासनळीत जाते. शिवाय गुंगीचे औषध द्यावे लागले तर पोट रिकामे असलेले बरे.

माणसाला पुढे वाकवून बसवा, म्हणजे लाळ बाहेर पडेल. पंचाने हनुवटीला खालून हलका आधार द्या, पण तोंड आवळून बांधू नका. धीर द्या आणि लगेच निघा. उशीर होईल तसे स्नायू अधिक आखडतात आणि काम अवघड होते. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर फोन करा, ती रुग्णवाहिका मोफत आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात सोय नसेल तर नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. मार लागला असेल तर आधी एक्स-रे काढतात.

डॉक्टर अंगठ्यांना कापड गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवतात आणि जबडा आधी खाली, मग मागे दाबतात. पुष्कळदा काही मिनिटांत तो जागेवर बसतो. ही विद्या जुनी आहे. सुश्रुतसंहितेतही निखळलेल्या हनुवटीला शेक देऊन, ती बसवून पट्टी बांधायला सांगितले आहे. पण ती जाणत्या हातांनीच करावी.

घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे विशेष लक्ष द्या. दात नसलेली, अंथरुणाला खिळलेली आजी बोलेनाशी झाली, तोंड उघडे राहिले, की घरचे लकवा समजतात किंवा वय झाले म्हणून सोडून देतात. ती बिचारी उपाशी राहते. लकवा असो की जबडा, दोन्हींत त्याच घटकेला दवाखाना गाठावा.

याच्या उलट, तोंड उघडेनासे झाले तर ते दुखणे निराळे. जखमेनंतर दातखीळ बसली तर तो धनुर्वात असू शकतो, एक तासही दवडू नका. गुटखा, सुपारी खाणाऱ्याचे तोंड हळूहळू कमी उघडू लागले तर ती कर्करोगाकडे नेणारी वाट आहे. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, ती घरातही पाळा.

जबडा बसल्यावर दोन-तीन आठवडे जपावे. आंबील, पेज, वरणभात, दुधात कुस्करलेली भाकरी द्यावी. ऊस दाताने सोलू नये, हुरडाही त्या हंगामापुरता सोडावा. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरावी. एकदा निखळलेला जबडा पुन्हा निखळू शकतो. वारंवार तसे होऊ लागले तर त्यावर कायमचे उपचार आहेत, ते करून घ्यावेत.

हा अंक वाचून झाल्यावर शेजारच्या घरीही द्या.