रस्त्याचा धनी कोण?

माणसाला एक नाव आणि एक पत्ता असला की सरकारदरबारी त्याची कामे बरी चालतात. रस्त्याचे तसे नसते. लोक त्याला एका नावाने ओळखतात, कागद दुसऱ्या आकड्याने ओळखतात आणि खड्डा पडला की त्याला कोणीच ओळख दाखवीत नाही.

पालघर जिल्ह्यातल्या मासवणचेच उदाहरण घ्या. सूर्या नदीकाठचे हे गाव मनोर आणि पालघर यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. पालघरकर या रस्त्याला मनोर रोड म्हणतात, मनोरकर त्यालाच पालघर रोड म्हणतात. त्यात गोंधळ काही नाही. रस्ता जिकडे नेतो त्या गावाचे नाव त्याला द्यावे, ही आपली जुनी रीत. कागदावर मात्र तो राष्ट्रीय महामार्ग १६०-अ आहे. सिन्नरजवळ सुरू होऊन घोटी, त्र्यंबकेश्वर, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर करीत तो पालघरला येतो.

हा आकडा लहरीने दिलेला नाही. २०१० साली केंद्र सरकारने देशभरच्या महामार्गांची नव्याने मोजदाद केली. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांना विषम. तीन आकडी क्रमांक म्हणजे शाखा, आणि त्यातले शेवटचे दोन आकडे मूळ मार्गाचे. म्हणजे धुळे-नाशिक-पुणे हा ६०, त्याची शाखा १६०, आणि तिचीही फांदी १६०-अ. वंशावळ चोख आहे. पण ती वाटसरूला सांगितली कोणी? याच मोजदादीत मुंबई-अहमदाबाद रस्त्याचा ८ गेला आणि ४८ आला. आजही अनेकांच्या तोंडी तो ‘आठ नंबर’च आहे.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. मी म्हणतो, रस्त्याच्या बाबतीत सगळे नावातच आहे. रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर त्याची देखभाल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक बांधकाम खात्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग बांधकाम खात्याकडे. त्याखालचे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. शहरातले अंतर्गत रस्ते नगर परिषदेकडे, आणि तारापूरच्या कारखान्यांमधले औद्योगिक विकास महामंडळाकडे. पालघर-बोईसर परिसरात कामावर जाणारा माणूस अर्ध्या तासात तीन-चार धन्यांच्या हद्दी ओलांडतो. डांबर सगळीकडे काळेच असते.

ओळखीची एक खूण आहे. मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामीण रस्ता. पण दर्जा बदलला म्हणून दगड लगोलग रंगवले जातातच असे नाही. रात्री अपघात झाला तर १०३३ हा क्रमांक राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. पण आपण राष्ट्रीय महामार्गावर आहोत हे त्या घाबरलेल्या माणसाला कळायचे कसे?

कागदावरच्या शब्दाची ताकद २०१७ साली दिसली. महामार्गालगतच्या दारूविक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने बंदी घालताच काही राज्यांनी शहरांतून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्ग हा दर्जाच काढून घेतला. रस्ता जागचा हलला नाही, त्याचा धनी मात्र बदलला. दुकानांसाठी इतकी तत्परता दाखवता येते, मग खड्ड्यांसाठी का नाही?

४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला तो चारोटीला, याच सूर्या नदीवरच्या पुलावर. तिथे तीन पदरी रस्ता पुलाशी येऊन दोन पदरी होतो. त्यानंतर पाट्यांची आणि रस्त्याच्या रचनेची देशभर चर्चा झाली. मोठा माणूस गेला म्हणून ती झाली. मोटारसायकलवरून पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कामगारासाठी ती कोण करणार?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू आल्यास कुटुंबाला ६ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती भरायची संबंधित यंत्रणेने. पण ‘संबंधित’ कोण, हेच तर आपल्याकडे कोडे आहे. घरातला कर्ता माणूस गमावलेल्या बाईने आधी रस्त्याचा सातबारा शोधत फिरायचे काय?

यावर उपाय खर्चिक नाही, आणि तो आपल्या खेड्यांत उभाही आहे. पंतप्रधान ग्रामसडक योजनेच्या रस्त्यावर फलक असतो. रस्त्याची लांबी, खर्च, ठेकेदाराचे नाव आणि पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी त्यावर लिहिलेली असते. पाड्यावर जाणारी वाट आपला पालक कोण ते सांगते; मग महामार्गाने मौन का पाळावे? जिथे हद्द बदलते तिथे एक पाटी हवी. तिच्यावर रस्त्याचा नवा क्रमांक आणि कंसात जुना, गावकऱ्यांच्या तोंडचे नाव, देखभाल करणारे कार्यालय आणि त्याचा दूरध्वनी असावा. सगळे ठसठशीत मराठीत. दर्जा बदलल्याची अधिसूचना निघाली की ठरावीक मुदतीत दगड आणि पाट्या बदलण्याचे बंधनही त्याच अधिसूचनेत घालावे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा ठाण्याचे हेलपाटे वाचतील ही लोकांची आशा होती. कार्यालये जवळ आली. आता त्या कार्यालयांनी आपापल्या रस्त्यावर उभे राहून स्वतःचे नाव तेवढे सांगावे. जो आपले नाव पाटीवर लिहितो, त्याला खड्ड्याकडे पाठ फिरवणे जरा जड जाते.